रेस चढते, पण चढवतंय कोण?

तुमच्या प्रश्नात दोन गाड्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. पहिली तुमची पेट्रोल हॅचबॅक: दहा वर्षांची, केबलचा थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी पाकळी). सर्व्हिसला थ्रॉटल बॉडी साफ केली, बॅटरी बदलली, आणि तेव्हापासून इंजिन गरम झालं तरी आयडलिंग, म्हणजे पेडलला पाय न लावता इंजिनाची जी रेस (मिनिटाला फेरे) राहते ती, १५०० च्या खाली येत नाही. कधी कधी १००० ते १७०० झुलत राहतं. मिस्त्री म्हणतो आधी स्टेपर मोटर (आयडलिंगला लागणारी हवा पाकळीच्या बाजूने सोडणारी) बदलू, नाही जमलं तर टीपीएस (पाकळी किती उघडी ते सांगणारा सेन्सर), तरीही नाही तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. दुसरी गाडी काकांची जुनी पिकअप, मेकॅनिकल पंपाची डिझेल. ती पहाटे इंदूरच्या चोइथराम मंडीत उभ्या जागी रेस वर-खाली करते. लक्षण एकच दिसतं, पण पेट्रोल इंजिनाची रेस हवेवर ठरते आणि डिझेलची इंधनावर. म्हणून एकीचा इलाज दुसरीला लावू नका.

स्टेपर मोटर अजून विकत घेऊ नका. पेट्रोल गाडीचं आयडलिंग जास्त आहे याचा अर्थ इंजिनात जास्तीची हवा जातेय, इतकं नक्की. शोधायचं एवढंच की ती हवा कॉम्प्युटरने स्वतः मागून घेतलीय, की त्याला न विचारता कुठून तरी शिरतेय. या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की मिस्त्रीच्या यादीतलं निम्मं सामान आपोआप बाद होतं. आणि ते उत्तर पाना न लावता, स्कॅनरवर मिळतं.

स्टीअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट आहे. तिथे साधं ब्लूटूथ डोंगल लावून मोबाइलवर कूलंटचं तापमान, मॅप सेन्सर (थ्रॉटलनंतरचा हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटलचं रीडिंग आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) दिसतं. स्टेपर किती उघडलाय ते सांगणाऱ्या पायऱ्या मात्र स्वस्त डोंगलवर सहसा दिसत नाहीत, त्यासाठी कंपनीचं किंवा गॅरेजचं चांगलं स्कॅनर लागतं. ते एकदा लावून घ्याच. स्टेपर उघडा धरलेला दिसला तर रेस कॉम्प्युटरच चढवतोय. स्टेपर पूर्ण बंद टोकाला, शून्याजवळ बसलाय, टायमिंगही मागे खेचलंय आणि तरी रेस १५०० आहे, तर कॉम्प्युटर बिचारा ती उतरवायला बघतोय आणि हवा दुसरीकडून येतेय. पी ०५०७ हा बिघाडाचा कोड दिसला तर तो फक्त ‘आयडलिंग अपेक्षेपेक्षा जास्त’ एवढंच सांगतो. त्यावरून कुठलाही पार्ट बदलायचा नसतो. पी ०५०५ बघून थेट स्टेपर बदलणारे खूप आहेत. त्याचा अर्थही आयडल कंट्रोलच्या पूर्ण व्यवस्थेत गडबड आहे इतकाच.

स्कॅनर लावताना सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला लावा. चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं, आणि दोन्ही त्या दिवशीच्या हवेइतकं. जानेवारीच्या सकाळी इंदूरला बाहेर दहा-बारा अंश असताना कूलंट उणे तीस दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर गेलीय, पुढे शोधायची गरजच नाही. याच वेळी मॅपचा आकडाही बघा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे ९४-९५ किलोपास्कल दिसलं की ते बरोबर. व्हिडिओत मुंबईच्या गाडीवर १०१ बघून आपला मॅप सेन्सर खराब आहे असं समजू नका.

आता कॉम्प्युटर स्वतः रेस का चढवेल? सगळ्यात मोठं कारण म्हणजे इंजिन थंड आहे असं त्याला वाटणं. थंड इंजिनाला १२०० ते १५०० रेस देणं ही त्याची ड्युटीच आहे. गरम झाल्यावर बहुतेक गाड्या ६५० ते ८५० च्या दरम्यान स्थिरावतात. इथे मला आपल्याकडच्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलायचंय. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट वॉल्व (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा) काढून फेकून देतात, आणि मालकाला ‘आता कधी तापणार नाही’ असं सांगतात. असं करू देऊ नका. तापण्याचं कारण बहुतेक वेळा चोंदलेला रेडिएटर, न फिरणारा पंखा किंवा गळती असते, ते तसंच राहतं. वर थंडीत खंडवा रोडला मोकळ्यावर चालवताना इंजिन ६०-६५ अंशांच्या पुढे जातच नाही. कॉम्प्युटर त्याला थंडच समजतो, पेट्रोल जास्त देतो, रेस उतरवत नाही, आणि मालक अ‍ॅव्हरेज का घटलं म्हणून पेट्रोल पंप बदलत फिरतो. तुमची गाडी अर्धा तास चालवल्यावर कूलंट ८५ च्या आसपास किंवा वर स्थिर राहतंय का, ते बघा. नसेल राहत तर थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे मिस्त्रीला सरळ विचारा.

कूलंट कमी असेल तरी हाच खेळ होतो. सेन्सर पाण्याऐवजी हवेच्या पोकळीत राहतो आणि खोटं तापमान सांगतो. पातळी बघताना गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, इंजिन पूर्ण गार होऊ द्या. आणि नळाचं पाणी भरणं बंद करा. त्यातला क्षार आणि गंज थर्मोस्टॅट, सेन्सर, पंप सगळ्यांवर बसतो.

मागितलेल्या रेसची बाकी कारणं थोडक्यात: एसीचा सिग्नल अडकून राहणं, पॉवर स्टीअरिंगचा प्रेशर स्विच, आणि चार्जिंग कमी असणं. तुमची बॅटरी नुकतीच बदललीय, तेव्हा टर्मिनल आणि बॉडीची अर्थ पट्टी घट्ट आहे का बघा. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत.

आता दुसरी बाजू, न विचारता शिरणारी हवा. तुमच्या गाडीत मला हीच शक्यता जास्त वाटते, कारण त्रास थ्रॉटल बॉडी उघडल्यानंतर सुरू झाला. आधी अगदी सोपं: रेसची केबल थ्रॉटलजवळ हाताने हलवून बघा, थोडी ढील असलीच पाहिजे. पायाखालची मॅट पेडलवर चढलेली नको. मग थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू बघा. कंपनी त्यावर रंगाची खूण करून पाठवते. ती तुटलेली दिसली तर कुणीतरी स्क्रू फिरवलाय. हे फार वाईट काम आहे. स्क्रूने पाकळी जराशी उघडी राहते, टीपीएस ‘पेडल सोडलंय’ असं सांगतच नाही, आणि कॉम्प्युटर आयडलिंग सांभाळायच्या मोडमध्ये येतच नाही. मग नवा स्टेपर लावला काय आणि ईसीएम बदलला काय, काही फरक पडत नाही. पाय न लावता टीपीएस साधारण अर्ध्या व्होल्टजवळ असायला हवा. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो.

यानंतरची परीक्षा केबलवाल्या थ्रॉटलवरच करायची. इंजिन गरम, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, शर्टाच्या बाह्या आणि गळ्यातला रुमाल पंख्यापासून दूर. एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढा आणि थ्रॉटलच्या तोंडात स्टेपरकडे जाणारं छोटं भोक शोधा. ते अंगठ्याने बंद करा. रेस धपकन पडली किंवा गाडी बंद झाली तर जास्तीची हवा स्टेपरच्या वाटेने येत होती. म्हणजे स्टेपर उघडा अडकलाय, त्यात कार्बन आहे किंवा बसवताना त्याची रबरी रिंग नीट बसली नाही. काही फरक पडला नाही तर थ्रॉटलचं पूर्ण तोंड सपाट पुठ्ठ्याने झाका. चांगलं इंजिन लगेच बंद पडतं. ते तसंच चालत राहिलं तर थ्रॉटलच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठेतरी हवा शिरतेय, याला दुसरा पुरावा लागत नाही. तिथून एकेक पाइप चिमट्याने दाबत जा: पीसीव्हीचा (इंजिनाच्या आतली वाफ परत ओढणारा), कॅनिस्टरच्या पर्ज वॉल्वचा (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), ब्रेक बूस्टरचा (ब्रेकला जोर देणारा). जो दाबल्यावर रेस उतरते, तो रस्ता. पर्ज वॉल्व उघडा अडकला असेल तर पेट्रोल भरल्यावर गाडी उशिरा चालू होते, ही त्याची आणखी एक खूण. बूस्टरबद्दल हयगय नको. ब्रेक दाबल्यावर फुस्स आवाज येतो, रेस बदलते आणि पेडल कडक लागतं, तर ती गाडी भेरूघाटात उतरवायची नाही. आधी बूस्टर.

पाइप सगळे ठीक निघाले तर राहते थ्रॉटल बॉडीची आणि मॅनिफोल्डची (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांची) गॅसकेट, म्हणजे जोडातलं सील. साफ करून बसवताना जुनीच गॅसकेट परत लावली असण्याची शक्यता मोठी आहे. कार्बोरेटर क्लीनर मारून गळती शोधायची पद्धत सगळीकडे चालते, पण तो ज्वलनशील असतो आणि खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो. त्याऐवजी फवाऱ्याच्या बाटलीने जोडावर साधं पाणी मारा. पाणी भेगेत ओढलं जाताना आवाज आणि रेस क्षणभर बदलतात. वायरिंगच्या जोडांवर आणि इग्निशन कॉइलवर पाणी जाऊ देऊ नका. ज्या गॅरेजमध्ये धुराचं मशीन आहे तिथे हे काम जास्त खात्रीने होतं.

तुमच्याच गावच्या एका सदस्याने ‘फ्युएल ट्रिम बघा, लीक असेल तर प्लसमध्ये जाईल’ असं या चर्चेत लिहिलंय. फ्युएल ट्रिम म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलच्या मात्रेत करतो ती कमी-जास्त दुरुस्ती. त्या सदस्याचं म्हणणं मास एअरफ्लो सेन्सरवाल्या (आत येणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीसाठी खरं आहे, तिथे चोरून आलेली हवा मोजलीच जात नाही. तुम्ही टाकलेल्या फोटोत मॅनिफोल्डवर मॅप सेन्सर दिसतो. मॅपवाल्या गाडीत शिरलेली हवा दाबात दिसते, कॉम्प्युटर तिच्या हिशेबाने पेट्रोलही वाढवतो आणि रेस सरळ चढते. ट्रिम जवळजवळ ठीकच राहतो. म्हणून ट्रिम चांगला दिसला तरी लीक नाही असं समजू नका.

आता ते झुलणं. बऱ्याच जणांना वाटतं की हा इलेक्ट्रिकचा दोष आहे. होतं असं की पेडल सोडलेलं आहे आणि रेस ठरावीक आकड्याच्या वर गेली, की कॉम्प्युटर समजतो गाडी उतारावर सुटलीय आणि पेट्रोल तोडतो. रेस पडते, तो पेट्रोल परत देतो, जास्तीची हवा अजून तिथेच असते, रेस पुन्हा चढते. तालात चाललेलं १०००–१७०० झुलणं म्हणजे बहुधा हेच. हवेची वाट बंद झाली की ते आपोआप थांबतं.

सगळं बंद असेल, स्क्रू जागेवर असेल आणि तरी रेस थोडीच जास्त, हजार-अकराशे असेल, तर कॉम्प्युटरची शिकवणी (रीलर्न) राहिलीय. घाणेरड्या थ्रॉटलच्या हिशेबाने कॉम्प्युटरने स्टेपर जास्त उघडायची सवय लावून घेतलेली असते. साफ केल्यावर तेवढंच उघडलं की हवा जास्त जाते. बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत ही नोंद पुसली जाते आणि नवी व्हायला वेळ लागतो. रीलर्नची पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते, स्कॅनरवरून करून घेणं उत्तम. आणि हे वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलवाल्यांना कळकळीची विनंती: चावी ऑन असताना ती पाकळी बोटाने ढकलू नका. आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात, आणि मोटर अचानक फिरली तर बोटही जातं.

एक गोष्ट दोष समजू नका: गाडी चालत असताना क्लच दाबल्यावर रेस थोडी वर राहते किंवा हळू उतरते, आणि पलासिया चौराह्यावर पूर्ण थांबल्यावरच खाली येते. अनेक गाड्यांमध्ये, विशेषतः बीएस-६ मध्ये, ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

सीएनजी किट असेल तर लिहा, तुम्ही सांगितलं नाहीये. सिक्वेन्शियल किटचे नोझल मॅनिफोल्डला भोकं पाडून बसवतात आणि मॅपच्या पाइपला टी जोडतात. या दोन्ही जागा हवा घेतात.

काकांची पिकअप. मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमध्ये रेस वर-खाली होण्याचं पहिलं कारण म्हणजे लाइनने हवा धरणं. टाकीपासून पंपापर्यंतची बाजू ओढणारी असते. तिथे भेग असली तरी डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. रात्रभर उभी राहिल्यावर पहाटे त्रास जास्त, मग कमी, हे त्याच्याशी जुळतं. पंपाच्या तोंडाशी तात्पुरता पारदर्शक पाइप लावा आणि बुडबुडे दिसतात का बघा. दिसले तर फिल्टरचं सील, बँजो बोल्टचे वॉशर, हातपंप आणि टाकीजवळचा कडक झालेला रबरी पाइप या क्रमाने पाहा. बुडबुडे नसतील आणि फिल्टरही नवा असेल तरच गव्हर्नरकडे (पंपातला रेस सांभाळणारा भाग) वळा, आणि तो पंपवाल्याच्या बेंचवरच उघडू द्या. आयडलचा स्क्रू पिळून रेस वाढवणं म्हणजे आजार झाकणं. कॉमन रेल (कॉम्प्युटरवर चालणारी, हाय प्रेशरची नवी डिझेल) गाडी असती तर पेडलचा सेन्सर, रेल प्रेशर वॉल्व आणि इंजेक्टरचं रिटर्न तपासावं लागलं असतं. त्या गाडीत चालू इंजिनावर हाय प्रेशरचा पाइप कधीही ढिला करायचा नाही, तिथला फवारा कातडीतून आत जातो.

काकांना आणि त्यांच्या ड्रायव्हरला आणखी एक नक्की सांगा. डिझेलची रेस हळूहळू आपली आपण चढत गेली, धूर वाढला आणि चावी बंद करूनही इंजिन थांबलं नाही, तर ते स्वतःचंच ऑइल जाळतंय. ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा. ते जमलं नाही तर फळीने इनटेकचं, म्हणजे इंजिनात हवा जाते ते तोंड बंद करायचं, हाताने कधीच नाही. तेही शक्य नसेल तर गाडीपासून लांब जायचं.

तुम्ही आता एवढं करा: सकाळी चावी ऑन असतानाचं कूलंट, हवा आणि मॅप. अर्ध्या तासाच्या ड्राइव्हनंतर कूलंट, मॅप, टीपीएसचं व्होल्टेज, टायमिंग आणि स्टेपरच्या पायऱ्या, एसी बंद आणि एसी चालू असे दोन्ही. सोबत स्टॉप स्क्रूचा जवळून काढलेला फोटो आणि अंगठ्याच्या परीक्षेत काय झालं ते. हे इथे टाका, मग कुठला पार्ट घ्यायचा, की फक्त गॅसकेट, ते सांगतो. तोवर मिस्त्रीला ईसीएमला हात लावू देऊ नका.