त्या वळणावरचे काका

“मॅडम, ज्या तोंडाने मुलाला ‘नीट बोल’ म्हणून रागावते, त्याच तोंडातून ते बाहेर पडलं. चारचौघांत. आता लोकांसमोर जाऊ कशी?”

समोर बसलेल्या बाई बेचाळीस वर्षांच्या, बँकेत अधिकारी. कोपरावर खपली धरलेली. (त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) चारचौघांत तोल गेला, तोंडातून नको ते गेलं आणि आता तोंड लपवावंसं वाटतं, ही तक्रार घेऊन बरेच जण येतात. कुणाचं लग्नाच्या हॉलमध्ये झालेलं असतं, कुणाचं सिग्नलला. यांचं पुण्याच्या वेताळ टेकडीवर झालं होतं.

रविवारची सकाळ. सायकलवाल्यांचा ग्रुप खाणीच्या अंगाने उतरत होता. पायवाटेवर सुटा मुरूम, आणि वळणावर फिरायला आलेले एक काका वाटेच्या मधोमध उभे. बाईंनी घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला. उतारावर नेमकं हेच करायचं नसतं: पुढचं चाक जागीच अडतं, मागचं उचलतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. त्या पडल्या आणि पडता पडता आईवरून एक सणसणीत शिवी दिली. ग्रुपमधल्या सहा जणांनी ती ऐकली, सोसायटीतल्या दोघींनी ऐकली आणि मागून सायकलवर येणाऱ्या त्यांच्या बारा वर्षांच्या मुलानेही.

तेव्हापासून तीन आठवडे सायकल बाल्कनीत. लिफ्टमध्ये कुणी भेटू नये म्हणून पाच मजले जिन्याने.

“त्यानंतर कोण काय म्हणालं?” मी विचारलं. आठवून आठवून एकच वाक्य निघालं. सोसायटीतल्या एकीने विचारलं होतं, फार लागलं नाही ना? त्यातही यांना टोमणा ऐकू आला होता.

मानसशास्त्रात २००० साली प्रसिद्ध झालेला टॉमस गिलोविच यांचा एक प्रयोग मी अशा वेळी सांगते. एका विद्यार्थ्याला एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवायचं. त्याला वाटायचं, निम्म्यांनी तरी पाहिलं. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात यायचं. बाई हुशार. म्हणाल्या, “पण माझी शिवी तर सगळ्यांनी ऐकली.” खरं होतं. ती काही टी-शर्टसारखी नजरेतून सुटणारी नव्हती. म्हणून मी विचारलं, की ऐकली सगळ्यांनी, पण घरी किती जण घेऊन गेले असतील? त्या थोडं हसल्या.

शिवीबद्दलही बोललो. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या काही रुग्णांना साधं वाक्य जुळवता येत नाही, पण शिवी स्वच्छ येते. ती विचार करून रचलेल्या बोलण्याच्या वाटेने येतेच असं नाही. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीव्हन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना बर्फगार पाण्यात हात धरायला लावला. शिवी देणाऱ्यांनी तो जास्त वेळ धरला. हे २००९ साली छापून आलं. मात्र ज्यांची जीभ रोजच सैल, त्यांना फायदा कमी, असंही पुढे दिसलं.

“म्हणजे तुम्हाला भरपूर फायदा झाला असणार,” मी म्हटलं.

आपल्याकडेही शिवीला जागा नेमून दिलेली आहेच. शिमग्याला बोंब मारतात. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यातल्या सुखेड आणि बोरी या गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन तीरांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या घालतात. त्याला बोरीचा बार म्हणतात. तिथे कुणी तोंड लपवत नाही. कारण तिथे समोरची बाईही तयारीत आलेली असते.

हे बोलता बोलता माझं मलाच काहीतरी खटकलं. पाऊण तास झाला होता. बोलण्यात सोसायटीतल्या दोघी पाच-सहा वेळा येऊन गेल्या, ग्रुप येऊन गेला, मुलगा तर दर दोन वाक्यांनी. काका एकदाच आले होते, वाटेतला अडथळा म्हणून.

“शिवी दिली तेव्हा तुम्ही कुणाकडे बघत होता?”

बराच वेळ गेला. मग हळू आवाजात: “काकांकडे.”

लाजेचं हे मला नेहमी विचित्र वाटतं. ती माणसाला सगळ्या जगासमोर उभं करते, आणि ज्याला खरंच लागलं तो एकटा नजरेतून सुटतो. ग्रुपला खुलासे देण्याची काही गरज नव्हती. सोसायटीला तर नाहीच. मुलाशी मात्र एकदा सरळ बोला, असं सुचवलं. दुखलं म्हणून सुटली, पण गेली एका माणसाच्या अंगावर, ते चुकलं, एवढंच. आणि काकांकडे जा. “पण”, “खरं तर”, “तुम्ही मध्ये होतात” हे शब्द माफीत येऊ द्यायचे नाहीत, हेही बजावलं. त्यांनी माझ्यासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दोन्ही वेळा “पण” आलाच.

पुढच्या शनिवारी त्या सायकल न घेता, चालत टेकडीवर गेल्या. काका सापडले नाहीत. रविवारी सापडले. माफी मागितल्यावर ते “छे छे, काही नाही हो” म्हणाले नाहीत, आणि मला ते बरं वाटलं. ते म्हणाले, “वाईट वाटलं होतं मला. घरी कुणाला सांगितलं नाही.” मग त्यांनी कोपराकडे पाहिलं आणि विचारलं, “टाके पडले का?”

त्यानंतर बाई माझ्याकडे एकदाच आल्या. त्या भेटीत बराच वेळ त्यांनी मला उतारावर वजन मागे कसं न्यायचं आणि दोन्ही ब्रेक हलके हलके कसे दाबायचे, हे समजावून सांगितलं. मी सायकल चालवत नाही.