व्रण रुपयाएवढा, मग एवढे मांस का काढले?

प्रश्न : माझे दीर (वय ४८) निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. डाव्या गालात तंबाखू-चुन्याची चिमूट धरून ठेवण्याची त्यांना जुनी सवय होती, आणि तिथेच कॅन्सरचा व्रण झाला. व्रण रुपयाएवढा असताना डॉक्टरांनी भोवतालचे सेंटीमीटरभर चांगले मांसही काढले. अहवालात कडा स्वच्छ आल्या, तरीही तपासणीला वारंवार बोलावतात, ते कशासाठी? त्यांचे ताट-वाटी वेगळी ठेवावी, असे शेजारी सांगतात. ते खरे आहे काय?
— एक वाचक भगिनी, निपाणी

उत्तर : ताट-वाटी वेगळी ठेवू नका, एकत्र जेवल्याने हा कॅन्सर कोणालाही होत नाही.

आता मांसाविषयी. डोळ्यांना दिसते ती व्रणाची कड असते, आजाराची नव्हे. आपल्याकडे शेजाऱ्याचा बांध कोरणारे शेतकरी असतात. कॅन्सरच्या पेशींची रीत तशीच आहे, फरक इतकाच की त्या शेजाऱ्यालाच हाताशी धरून त्याचा बांध कोरतात. गालाच्या अस्तराखाली फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात, ज्यांचे एरवीचे काम जखम भरून आणणे आणि ऊतींना आधार देणारे तंतू विणणे हे असते. कॅन्सरच्या पेशी टीजीएफ-बीटासारखी रासायनिक द्रव्ये सोडून त्यांना आपल्या कामाला जुंपतात, आणि मग याच निरोगी पेशी भोवतालचे तंतू विरघळवणारी विकरे व गाठीच्या वाढीला लागणारे घटक पुरवू लागतात. दुसऱ्या एका संदेशामुळे जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात, ज्यांतून गाठीला प्राणवायू आणि पोषण मिळते. रोगप्रतिकारक पेशीही तिथे पोहोचतात, पण त्यांतील काही हल्ला करण्याऐवजी गाठीलाच सांभाळू लागतात. आजार जबड्यापर्यंत गेला, तर हाड झिजवण्याचे कामही बहुतांशी हाडातल्याच पेशींकडून करून घेतले जाते. म्हणून शल्यविशारद सुमारे एक सेंटीमीटर पदर धरून कापतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली निदान पाच मिलिमीटर निरोगी कड दिसली, की ती सामान्यतः स्वच्छ मानली जाते.

मग पुन्हापुन्हा बोलावणे कशासाठी? इथे दोष गाठीचा कमी आणि तंबाखूचा अधिक आहे. चिमूट डाव्या गालात असली, तरी तिचा रस तोंडभर फिरतो, आणि वर्षानुवर्षांच्या त्या माऱ्याने साध्या डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या अस्तरातही जनुकीय बिघाड साचत जातात. १९५३ साली अमेरिकन शल्यविशारद स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या कॅन्सरच्या ७८३ रुग्णांच्या गाठींभोवतालचे अस्तर तपासले, तेव्हा गाठीच्या हद्दीपलीकडेही त्यांना विकृत पेशी आढळल्या, आणि काही रुग्णांत एकाहून अधिक स्वतंत्र गाठी सापडल्या. अशा बिघडलेल्या क्षेत्रात कड स्वच्छ असूनही नवी गाठ उगवू शकते. पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी बोलावण्याची प्रथा त्यामुळेही आहे.

शस्त्रक्रियेनंतर डावीकडची चिमूट उजवीकडे गेली, एवढाच बदल झालेले रुग्ण मी पाहिले आहेत. आपल्या दिरांचे तसे झाले नाही ना, हे पाहावे, मिश्री आणि सुपारीही बंद असावी. तपासणीच्या वेळी डाव्या गालाबरोबरच उजवा गाल, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि मानेतल्या गाठी पाहिल्या जातील, याकडे लक्ष द्यावे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणे, यांपैकी काही जाणवल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्यांना दवाखान्यात न्यावे.