धुराचा गंध येतो कुठून?

प्रश्न : काही स्कॉच सिंगल माल्टना येणारा धुराचा वास तिथल्या पीटमधून वाहणाऱ्या तपकिरी पाण्यामुळे असतो, असे ऐकले. हे खरे आहे का? आणि ‘सिंगल’ म्हणजे एकाच पिंपातील व्हिस्की का?

उत्तर : दुसरी शंका आधी दूर करतो. ‘सिंगल’ हा शब्द डिस्टिलरीपुरता आहे. एकाच डिस्टिलरीत, फक्त पाणी, यीस्ट आणि मोड आणलेली बार्ली यांपासून, पॉट स्टिलमध्ये (हंड्यासारख्या तांब्याच्या ऊर्ध्वपातन पात्रात) टप्प्याटप्प्याने ऊर्ध्वपातन करून काढलेली आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपांत किमान ३ वर्षे मुरलेली व्हिस्की म्हणजे स्कॉच सिंगल माल्ट. त्याच डिस्टिलरीतील अनेक पिंपे एकत्र केली, तरी ती सिंगल माल्टच राहते.

पाण्याविषयीचा समज मात्र चुकीचा आहे. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे साचलेले वनस्पतींचे अर्धवट कुजलेले अवशेष. त्यावरून वाहणारे पाणी रंग घेते, पण धुरासाठी पीट जळावे लागते. ते जळते माल्ट, म्हणजे मोड आणलेली बार्ली, वाळवताना. पारंपरिक पद्धतीत भिजवलेली बार्ली दगडी किंवा सिमेंटच्या जमिनीवर पसरतात आणि मोड फुटत असताना ती लाकडी फावड्याने रात्रंदिवस उलथत राहतात, कारण तसे न केल्यास मुळे एकमेकांत गुंतून तिची चटईच तयार होते. मग भट्टीत पीटचा धूर देतात. दाणे ओलसर असतानाच धुरातील फिनॉल (धुराचा वास देणारी रसायने) टरफलाला चिकटतात, म्हणून हा धूर सुरुवातीलाच द्यावा लागतो. स्कॉटलंडच्या आयला बेटावरील लाफ्रॉइग आणि बोमोर या डिस्टिलऱ्यांत अजूनही काही माल्ट असे हाताने तयार करतात, आणि या कष्टांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

फिनॉलच्या प्रमाणाचे जे आकडे सांगितले जातात, ते बहुधा माल्टमधील असतात. प्रत्यक्ष व्हिस्कीत त्यांचा बराच भाग उरत नाही. किती उरेल, हे पुढच्या प्रक्रियेवर ठरते. याचे उत्तम उदाहरण आयलावरच आहे. लॅगावुलिन आणि कल ईला या दोन्ही डिस्टिलऱ्यांना पोर्ट एलन येथील माल्ट मिळते, तरीही पहिलीची व्हिस्की भारदस्त आणि दुसरीची हलकी, स्वच्छ लागते. स्टिलचा आकार आणि वाफेचा तांब्याशी येणारा संबंध यांमुळे हा फरक पडतो. तितकाच महत्त्वाचा असतो कारागिराचा निर्णय. दुसऱ्या ऊर्ध्वपातनात सुरुवातीचा आणि शेवटचा भाग बाजूला काढून मधला तेवढाच पिंपांसाठी ठेवतात. कुलूपबंद, पितळी चौकटीच्या काचपेटीतून वाहणाऱ्या धारेवर लक्ष ठेवून कारागीर ती योग्य क्षणी वळवतो. धुरकट फिनॉल उशिरा उतरत असल्यामुळे त्याने धार थोडी उशिरा वळवली, तर तोच माल्ट अधिक धुरकट व्हिस्की देतो.

पिंपे बहुतेक बोर्बन या अमेरिकन व्हिस्कीसाठी वापरलेली असतात, काही शेरी या स्पॅनिश वाइनसाठी. त्यांतून व्हॅनिला, सुका मेवा असे गंध येतात आणि वर्षे सरतील तसा धूर मऊ होत जातो. त्यामुळे एकाच डिस्टिलरीची जुनी व्हिस्की तरुण व्हिस्कीपेक्षा कमी धुरकट भासते. बाटलीत भरल्यावर मात्र मुरणे थांबते, आणि लेबलवरचे वय मिश्रणातील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते.