रात्री दीडचं विमान आणि 'एक दिवस आधी'चा घोळ

तुम्ही विचारलंय ते असं: आईबाबा मुंबईहून दोहामार्गे न्यू जर्सीला येणार, विमान शनिवार 8 जानेवारीचं, रात्री दीडचं. बाबांची कोव्हॅक्सिन, आईंची कोव्हिशील्ड, दोघांचे दोन्ही डोस ऑगस्टमध्येच झालेले. आईंना नोव्हेंबरअखेर कोरोना होऊन गेला. चाचणी नेमकी केव्हा करायची आणि कोव्हॅक्सिन चालेल का? आज, 16 डिसेंबर 2021 ला, जे नियम आहेत त्यांच्या हिशेबाने लिहितोय.

आधी चाचणी. 6 डिसेंबरपासून अमेरिकेने निघण्याआधीच्या कोरोना चाचणीची तीन दिवसांची मुदत एका दिवसावर आणली. हा 'दिवस' तारखेचा आहे, 24 तासांचा नाही. पहिलं विमान ज्या तारखेला सुटतं, तिच्या आदल्या तारखेला केव्हाही स्वॅब दिला तरी चालतो. पण दीडच्या विमानाला आपण घरात काय म्हणतो? "शुक्रवारी रात्री निघायचंय." मग आदला दिवस गुरुवार धरून लॅबवाल्याला गुरुवारी बोलावलं जातं आणि तो रिपोर्ट काउंटरवर बाद होतो. तिकिटावर तारीख 8 आहे, म्हणजे स्वॅब शुक्रवारी 7 तारखेलाच. सकाळी पहिल्या तासात द्या, म्हणजे रिपोर्ट यायला दिवसभर हातात राहतो. दोहाचा थांबा 24 तासांच्या आत आणि सगळा प्रवास एकाच पीएनआरवर असेल तर तिथे पुन्हा चाचणी नको. स्वस्त मिळतात म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली असतील, तर मात्र दोहाहून सुटणाऱ्या विमानाची तारीख धरावी लागते.

आरटीपीसीआरच हवी असं नाही, लॅबमधली अँटीजेनही चालते. आईंसाठी मी तर अँटीजेनच सुचवेन. बरं झाल्यावरही आरटीपीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण विषाणूचे मेलेले अवशेषही ती पकडते. तरी नोव्हेंबरचा पॉझिटिव्ह रिपोर्ट जपून ठेवा आणि त्यासोबत 'प्रवासाला हरकत नाही' असं डॉक्टरांचं लेटरहेडवरचं, सही-तारखेचं पत्र घ्या. पॉझिटिव्ह आल्यापासून 90 दिवसांत ही दोन कागदं निगेटिव्ह रिपोर्टच्या जागी चालतात. लसीच्या जागी चालत नाहीत, पण आईंना ती अडचणच नाही.

कोव्हॅक्सिनची काळजी सोडा. 3 नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने तिला आपत्कालीन वापराच्या यादीत घेतलं, त्या यादीतल्या लसी अमेरिकेला चालतात, आणि परदेशी प्रवाशाचं लसीकरण पूर्ण हवं हा अमेरिकेचा नियम 8 नोव्हेंबरला लागू झाला. पाच दिवसांनी वाचलो म्हणायचं! कोव्हिशील्ड त्या यादीत फेब्रुवारीपासूनच आहे. दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस उलटलेले असले की झालं, बूस्टर कोणी विचारत नाही.

खरी डोकेदुखी प्रमाणपत्राची. कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर नाव बहुधा आधारवरून आलेलं असतं आणि आपल्याकडे आधारवर एक, पासपोर्टवर दुसरं हे घरोघरी आहे. माझ्या सासूबाईंचं आधारवर माहेरचं आडनाव निघालं आणि ते आम्हाला निघायच्या चार दिवस आधी कळलं! कोविनवर 'रेज ॲन इश्यू'मध्ये नाव दुरुस्त करता येतं, पण एकदाच. म्हणून पासपोर्ट समोर ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवूनच बटण दाबा. मग पासपोर्ट क्रमांक जोडा आणि परदेश प्रवासासाठीचं वेगळं प्रमाणपत्र उतरवून घ्या. साध्या प्रमाणपत्रावर नुसतं वय असतं, यावर पूर्ण जन्मतारीख येते.

हे सगळं तपासणार विमान कंपनी, मुंबईतच, बोर्डिंग पास देण्याआधी. त्यामुळे लॅबच्या रिपोर्टवर स्वॅब घेतल्याची तारीख, चाचणीचा प्रकार, लॅबचं नाव आणि पूर्ण नावासोबत जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांक आहे ना, हे रिपोर्ट हातात पडताच बघा. चूक असली तर दुपारी दुरुस्त होते, रात्री अकराला लॅब फोन उचलत नाही. शिवाय प्रत्येकाचा एक स्वयंघोषणेचा फॉर्म असतो. तो घरीच भरून, छापून, सही करून द्या. काउंटरवर चष्मा शोधत फॉर्म भरणाऱ्या ज्येष्ठांची रांग मी पाहिली आहे.

परतीचं आत्ताच ठरवू नका. आज भारतात यायला 72 तासांतली आरटीपीसीआर लागते, अँटीजेन चालत नाही, आणि रिपोर्ट एअर सुविधा या सरकारी पोर्टलवर चढवावा लागतो. ओमायक्रॉनमुळे 15 डिसेंबरला सुरू व्हायची नियमित विमानंसुद्धा पुढे ढकलली गेली. तुमचं परतीचं तिकीट मेचं आहे, एप्रिलअखेर नियम पुन्हा पाहू.