स्प्रे मारूनही झुरळं परत का येतात?

प्रश्न : दर आठवड्याला ओट्याखाली स्प्रे मारते. दोन दिवस बरे जातात, मग पुन्हा बारीक झुरळं हजर. काय चुकतंय?

उत्तर : स्प्रेच चुकतोय. डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेली फिकट तपकिरी झुरळं असतील, तर त्यांची मादी ३०-४० अंड्यांची कुपी पोटाशी घेऊन फिरते. कुपीतल्या अंड्यांना फवारा सहसा बाधत नाही, आणि वाचलेली झुरळं फटीत आणखी आत सरकतात.

त्यापेक्षा झुरळांचं जेल आणा. कपाटाच्या बिजागऱ्या, फ्रिजची मागची बाजू, सिंकखालचा पाइप इथे मसुराएवढे ठिपके द्या, मुलांचा हात पोचणार नाही असे. एकच मोठा गोळा नको. आधी जागा साबणाने पुसून कोरडी करा. स्प्रेचा अंश राहिला तर झुरळं जेलला तोंडच लावत नाहीत. (इथेच बहुतेकांचं बिनसतं आणि दोष जेलला!) जेल खाल्लेलं झुरळ फटीत मरतं, त्याची विष्ठा खाऊन पिल्लंही मरतात. दोन आठवड्यांनी सुकलेले ठिपके खरवडून नवे लावा, कारण उरलेल्या कुप्यांतून पिल्लं नंतरही बाहेर येत राहतात.

पाइपाभोवतीची फट सिलिकॉनने बुजवा, रात्री सिंक कोरडं ठेवा. पुठ्ठ्याची खोकी मात्र आजच बाहेर काढा.