शेतात घराजवळ मधपेट्या ठेवल्या तर मुलांना, गुरांना त्रास होईल का?
सहसा नाही, पण पेटीचं तोंड कुठे आहे ते सांभाळा. त्यांची उडण्याची वाट अडली की माश्या चिडतात. समोर पाच-सहा फूट उंच झुडपं असली की त्या आपोआप माणसांच्या डोक्यावरून जातात. गुरं मात्र लांबच बांधा. दाव्याला बांधलेल्या जनावराला पळता येत नाही.

जवळ उथळ पाणी ठेवा, त्यात खडे टाका. खड्यावर बसून सोंडेने पाणी ओढणारी माशी मला तर बघतच राहावीशी वाटते! फुलोऱ्यात फवारणी टाळाच, अगदीच गरज पडली तर सूर्यास्तानंतर करा.

कामकरी माशी हंगामात जेमतेम ६ आठवडे जगते. सगळा मध ओरबाडू नका, फुलं नसतात त्या दिवसांसाठी त्यांचा वाटा पेटीतच राहू द्या.