वाचकांचे प्रश्न : रोमानी गाडीतला मुक्काम

प्रश्न : आम्ही उभयता निवृत्त असून कोथरूडला राहतो. मुलगी शिक्षणासाठी ब्रिस्टलला आहे. येत्या उन्हाळ्यात तिच्याकडे जाऊ तेव्हा तीन-चार दिवस इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात, जुन्या पद्धतीच्या रोमानी (तिथल्या भटक्या समाजाच्या) गाडीत राहावे, असा तिचा आग्रह आहे. घोडा आपल्यालाच हाकावा लागतो का? पत्नीला गुडघेदुखी आहे आणि आम्ही दोघे शाकाहारी आहोत. हा बेत झेपेल का?

उत्तर : झेपेल, मात्र योग्य गाडी निवडली तर. अशा मुक्कामाचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात गाडी शेताच्या कडेला किंवा फळबागेत कायमची उभी असते आणि घोडा जुंपलेलाच नसतो. दुसऱ्या प्रकारात घोड्यासह गाडी आपल्या ताब्यात मिळते. आयर्लंडमधल्या विकलो परगण्यात अशा सहली पुष्कळ वर्षे चालत आल्या आहेत. त्यात घोड्याला खरारा करणे, चारा-पाणी देणे आणि साज चढवणे ही रोजची कामे स्वतःच करावी लागतात, आणि वेग माणसाच्या चालीपेक्षा फारसा अधिक नसतो. तुम्ही पहिलाच प्रकार निवडावा, असे मी आग्रहाने सुचवेन. शिवाय आयर्लंड हा वेगळा देश आहे. ब्रिटनचा व्हिसा मिळाला म्हणजे तिथला प्रश्न सुटला, असे गृहीत धरू नये.

'व्हार्डो' या नावाने ओळखली जाणारी ही गाडी म्हणजे चाकांवरचे पूर्ण घर असते. इंग्लंडमधली रोमानी कुटुंबे त्याआधी फांद्या वाकवून उभारलेल्या तंबूंत राहत. गाडीत राहण्याची रीत एकोणिसाव्या शतकात रुजली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत भरात होती. गाड्यांचे घाट अनेक आहेत. रेडिंग गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाडीची मागची चाके पुढच्यांपेक्षा मोठी आणि खोक्याच्या बाहेर असतात. त्यामुळे खोके तळाशी अरुंद होते आणि भिंती वर जाताना बाहेर कलतात. 'बो-टॉप' गाडीवर लाकडी कमानींवर ताणलेले जाड कापड असते. ती वजनाला हलकी असल्याने उलटण्याचा धोकाही कमी. आतली लांबी साधारण दहा फूट असते, पण एवढ्याशा जागेतली योजना पाहून एखाद्या कसबी सुताराला हात जोडावेसे वाटतील. मागच्या टोकाला आडवा पलंग, त्याच्या खाली मुलांना निजण्याचा कप्पा, बाजूने फडताळे आणि बसायच्या पेट्या, आणि दारातून आत शिरताच डाव्या हाताला लोखंडी शेगडी. शेगडी डावीकडेच का, याचेही कारण आहे. दार गाडीच्या पुढच्या अंगाला घोड्याकडे तोंड करून असते आणि ब्रिटनमध्ये वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे धुराडे आपोआप रस्त्याच्या मधल्या बाजूस येते आणि कडेच्या झाडांच्या फांद्यांत अडकत नाही.

आता गुडघ्यांविषयी. गाडीची जमीन चाकांमुळे बरीच उंच असते आणि दाराशी लावलेल्या काढत्या-घालत्या पायऱ्या उभ्या चढाच्या असतात. त्यात शौचालय व स्नानगृह जवळजवळ नेहमीच बाहेर, थोड्या अंतरावर असते. रात्री दोन-तीनदा उठावे लागणाऱ्या माणसाने याचा आधी विचार करावा. नोंदणीपूर्वी मालकाला पायऱ्या किती, कठडा आहे का आणि शौचालय किती पावलांवर आहे, हे स्पष्ट विचारावे. गाडीचे दर्शनी छायाचित्र पाहून यातले काहीच कळत नाही. शौचालय बाहेर असण्याला गैरसोय म्हणू नये, असे मात्र मला वाटते. रोमानी परंपरेत घराच्या आत शौचालय असणे अशुद्ध मानले जाते, आणि भांड्यांची, कपड्यांची व हात-तोंड धुण्याची पात्रे एकमेकांत मिसळत नाहीत. आजीच्या घरचे सोवळे ज्यांना आठवते त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

जेवणाची चिंता करू नका. स्वयंपाक परंपरेने बाहेर उघड्या चुलीवरच होत असे, आणि आज बहुतेक ठिकाणी शेजारी एखादी छोटी खोली ओटा व गॅससह मिळते. डाळ, तांदूळ आणि गोडा मसाला जवळ असला की काम भागते. जूनमध्ये उजेड रात्री साडेनऊपर्यंत राहतो, पण त्याच रात्री गारठाही पुणेकरांना डिसेंबरची आठवण करून देतो. शेगडी पेटवली तर वरची खिडकी थोडी उघडी ठेवा आणि कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारे यंत्र आत आहे याची खात्री करा. यात हयगय नको.

आणखी एक सावधगिरी. जाहिरातींत मेंढपाळांच्या चाकांवरच्या झोपड्याही रोमानी गाडीच्या नावाखाली खपवल्या जातात. लहान लोखंडी चाके आणि पन्हळी पत्र्याच्या भिंती दिसल्या, तर ती मेंढपाळाची झोपडी समजावी.

प्रश्न : ज्या समाजाला गावोगावी हुसकावले जाते, त्याच्या घरात पैसे देऊन हौसेने राहणे मला खटकते. माझे चुकते का? (एक शिक्षिका, सदाशिव पेठ)

उत्तर : खटकणे योग्यच आहे. रोमानी लोकांचे पूर्वज भारताच्या वायव्य भागातून गेले आणि त्यांची भाषा आपल्या भाषांच्याच कुळातली आहे. इंग्लंडमध्ये 1530 च्या कायद्याने त्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम निघाला, तर 1554 च्या कायद्याने देश न सोडणाऱ्यांना मृत्युदंडाची तरतूद केली. हाच दृष्टिकोन पुढे आपल्याकडे 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात उतरलेला दिसतो. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी पारधी वस्तीवरची पोलिसी नजर अजून गेलेली नाही. ब्रिटनमध्ये 1968 च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर मुक्कामाच्या जागा पुरवण्याचे बंधन घातले होते, ते 1994 मध्ये काढून टाकण्यात आले आणि 2022 च्या कायद्याने रस्त्याकडेचा मुक्काम आणखी अवघड केला.

यात मला सर्वाधिक अन्यायाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. 1885 मध्ये गॉर्डन स्टेबल्स या नौदलाच्या निवृत्त शल्यवैद्याने रोमानी गाड्यांवरून स्फूर्ती घेऊन ब्रिस्टलमध्ये 'वाँडरर' नावाची गाडी बांधून घेतली आणि नोकर बरोबर घेऊन तो थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत गेला. हौशी कॅरव्हॅन-प्रवासाचा आरंभ तिथून मानतात. सद्गृहस्थ फिरला तर तो प्रवास, आणि ज्यांच्याकडून तो फिरणे शिकला त्यांचे फिरणे मात्र गुन्हा, असा हा न्याय होता.

तरीही मी तुम्हांला जाऊ नका असे सांगणार नाही. गाडी कोणी बांधली आणि मालक रोमानी कुटुंबातला आहे का, हे विचारा. शक्य असेल तिथे पैसा त्याच कुटुंबांकडे जाऊ द्या. मालकाच्या मृत्यूनंतर त्याची गाडी जाळून टाकण्याची प्रथा होती, त्यामुळे अस्सल जुन्या गाड्या थोड्याच उरल्या आहेत, तेव्हा नवी गाडी असणे हा दोष मानू नका. जूनच्या सुरुवातीला कंब्रियातल्या ॲपलबी गावी घोड्यांचा मोठा बाजार भरतो आणि लोक ईडन नदीत घोडे धुतात. तिथे जरूर जा. मात्र कुणाच्या गाडीत डोकावण्यापूर्वी किंवा मुलांची छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी घ्या.

प्रश्न : मुळशीत आमची दोन एकर जागा आहे. पर्यटकांसाठी अशी गाडी इथे बांधावी का?

उत्तर : बांधू नये. मुळशीच्या पावसात कापडी छताला बुरशी धरेल आणि रंगवलेले लाकूड दोन-तीन पावसाळ्यांत फुगेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याकडे छकडे आणि दमण्या (बैलांच्या हलक्या गाड्या) घडवणारे सुतार-लोहार रबरी टायरच्या गाड्या आल्यापासून कामाविना आहेत. लाकडी चाकाचा तुंबा, आरे आणि पुठ्ठे जुळवून त्यावर तापवलेली लोखंडी धाव चढवण्याचे कसब त्यांच्या हातात अजून आहे. मावळ-भोर भागात असा कारागीर शोधा, त्याच्याकडून पक्क्या पत्र्याखाली उभी राहील अशी सागवानी दमणी करून घ्या आणि ती दमणी म्हणूनच पर्यटकांना दाखवा. कामाला मात्र दिवाळीनंतरच हात घाला, कारण ओल्या लाकडावर बसवलेली धाव उन्हाळ्यात सैल होते.